बाकरवडी नाही, किटली जप्त होते

गेल्या पंधरा दिवसांत तो फॉरवर्ड मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, नवऱ्याच्या शाळेच्या ग्रुपवरून नवऱ्याने मला, आणि शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांनी पर्सनलवर, खाली "तुम्ही जाऊन आलात ना, खरंय का हो हे?" असं विचारून. काका-काकू सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला निघालेत, त्यामुळे त्यांची धडधड मी समजू शकते.

ज्यांना आला नसेल (पुण्यात असं कोणी असेल असं वाटत नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉरवर्ड म्हणतो की क्रूझवर बाहेरचा बिस्किटाचा पुडासुद्धा नेऊ देत नाहीत, गेटवरच काढून कचऱ्यात टाकतात, मग वर चौपट भावाने सगळं घ्यावं लागतं, पाणीसुद्धा. शाकाहारी माणूस उपाशी राहतो. उपाय काय, तर पाण्याचा क्रेट न्या, छोटी इलेक्ट्रिक किटली न्या आणि रूममध्ये उपमा-मॅगी करा, "ज्यांना घ्यायची असते" त्यांनी माउथवॉशच्या बाटलीत भरून न्या. कोणी अडवलंच तर, बाहेरचं खाणं नेता येतं म्हणणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाची प्रिंट दाखवा. आणि शेवटच्या दिवशी बुफेतलं डब्यात भरून उतरा, पैसे वसूल.

मी काही तज्ज्ञ नाही, दोनदा गेलेय, एकदा सिंगापूरहून आणि एकदा लेकीकडे सिडनीला गेलो तेव्हा तिथून न्यूझीलंडला. पण तिकिटाबरोबर येणारा नियमांचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्यांपैकी मी आहे, नवरा याला रोग म्हणतो, म्हणू दे.

तर बिस्किटाच्या पुड्यापासून सुरू करू, कारण या फॉरवर्डची सगळी उभारणी एका समजुतीवर आहे की क्रूझ म्हणजे तरंगतं मल्टिप्लेक्स. तसं नाहीये. मल्टिप्लेक्सवाला तिकिटावर कमी कमावतो आणि पॉपकॉर्नवर जास्त, म्हणून तो तुमची पिशवी उघडून बघतो. क्रूझचं उलट आहे. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, मधला बुफे, हे सगळं तुमच्या भाड्यात आधीच धरलेलं असतं, तुम्ही केबिनमध्ये बसून बाकरवडी खाल्लीत तर त्यांचं नुकसान काहीच नाही, उलट तुम्ही खाली जाऊन दोन प्लेट कमी भराल. त्यांची वरची कमाई असते ती पेयांवर, म्हणजे दारू, कोल्ड्रिंक, भारीतली कॉफी, यांचं बिल वेगळं आणि त्यावर बऱ्याच कंपन्यांत १८ ते २० टक्के सर्व्हिसचे. हे एकदा डोक्यात बसलं की सगळे नियम आपोआप समजतात. खाऊच्या बाबतीत हात सैल, प्यायच्या बाबतीत घट्ट.

म्हणून बहुतेक मोठ्या परदेशी कंपन्यांवर कारखान्यात सीलबंद केलेला, न नासणारा कोरडा खाऊ चालतो. चितळ्यांच्या बाकरवडीचं न उघडलेलं पाकीट, बिस्किटं, चिक्की, पाकिटातला चिवडा, कोणी हात लावत नाही. आमच्या बॅगेत पाच पाकिटं होती, स्कॅनरमधून गेली, समोरच्याने मान वरसुद्धा केली नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, घरी केलेल्या पदार्थांना बऱ्याच कंपन्यांचा स्पष्ट नकार असतो. कार्निव्हलसारखी कंपनी तर सरळ लिहिते की घरी बनवलेलं किंवा शिजवलेलं अन्न आणू नका. कारण पैशाचं नाही, पोटाचं आहे. तीन-चार हजार माणसं एकाच ठिकाणी जेवतात, तेच जिने, तेच कठडे, तेच चमचे, एकाचं पोट बिघडलं की नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबाचा विषाणू, दोन दिवसांत अख्खा मजला आडवा करतो. त्यामुळे डब्यात भरलेले ठेपले, गूळपोळी, बेसनाचे लाडू हे सगळं कागदावर तरी नाहीमध्ये मोडतं. कधी सोडतात, कधी नाही. गेले तर रडायचं नाही एवढंच. आणि मुंबईहून गोव्याला वगैरे जाणाऱ्या क्रूझचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा माझं ऐकू नका, तुमच्या तिकिटावरचं वाचा. लहान बाळाचं खाणं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्याचं खाणं असेल तर आधी मेल टाकून लेखी उत्तर घ्या, ते मोबाईलवर ठेवा.

पाण्याचा क्रेट. काका, हात जोडते, क्रेट नका नेऊ. बोटीवर समुद्राचं पाणी गोडं करायची यंत्रणा असते, ते पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून नळाला येतं आणि बुफेजवळच्या मशीनमधून कितीही भरून घ्या, फुकट. साधा चहा, साधी कॉफी हेही बहुतेक ठिकाणी फुकट. विकत असते ती सीलबंद बाटली, आणि आपल्याला नळाचं पाणी म्हटलं की जुलाब आठवतात म्हणून आपण ती घेतो आणि मग बिल बघून फॉरवर्ड लिहितो. एक रिकामी स्टीलची बाटली न्या, संपला विषय.

कोल्ड्रिंकचं मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं गणित आहे आणि इथे फॉरवर्ड "नेऊच देत नाहीत" आणि "क्रेट न्या" अशा दोन्ही टोकांना एकाच मेसेजमध्ये जाऊन आलाय, तेही कौतुकच. रॉयल कॅरिबियन एका केबिनमागे १२ कॅन किंवा बाटल्या चालवतं, अर्ध्या लिटरपर्यंतच्या. कार्निव्हल माणशी १२, पण कॅन किंवा खोकी, बाटली नाही. नॉर्वेजियन तर पाणी-सरबत काहीच नको म्हणतं. आणि हे फक्त चढायच्या दिवशी, हातातल्या बॅगेतून. नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात परत एकदा साइट बघा. कार्निव्हलने बाटल्या २०१५ मध्ये बंद केल्या, कशामुळे माहितीये? पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून आणणाऱ्यांमुळे. म्हणजे या फॉरवर्डच्याच भाऊबंदांमुळे.

आता ओघात माउथवॉश आलाच. ही युक्ती इतकी जुनी आहे की स्कॅनरवर बसणारी पोरं त्यावर हसत असतील. मोठी बाटली दिसली की उघडतात, वास घेतात. सापडली तर ती ओतून टाकतात आणि बोर्डिंगच्या लायनीत दोनशे माणसांसमोर सासूबाईंच्या बॅगेतून व्होडका निघते. त्यापेक्षा सरळ मार्ग आहे ना, कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्या प्रौढ माणसामागे ७५० मिलीची एक वाइनची बाटली उघडपणे नेऊ देतात. ती केबिनमध्ये प्या, डायनिंग हॉलमध्ये उघडायची तर काही ठिकाणी साधारण १५ डॉलर कॉर्केज, म्हणजे बाटली उघडून द्यायचे पैसे, घेतात. व्हिस्की-रम सहसा नाहीच. बंदरावर घेतलीत तर ठेवून घेतात आणि शेवटी परत देतात.

सुप्रीम कोर्टाच्या मुद्द्यावर मी जरा थांबणारे, कारण हे वाक्य वाचून मला खरंच राग आला. असा निकाल आहे, पण तो बरोबर उलटा आहे! ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की थिएटर ही खाजगी मालमत्ता आहे आणि मालकाला बाहेरचं खाणं-पिणं अडवायचा हक्क आहे. जम्मू-काश्मीर हायकोर्टाने २०१८ मध्ये बाहेरचं चालेल असा आदेश दिला होता, तो रद्द केला. अट एवढीच की स्वच्छ पिण्याचं पाणी फुकट ठेवा आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नका. सुनावणीत तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी जिलेबीचं उदाहरण दिलेलं, कोणी जिलेबी खाऊन चिकट हात खुर्चीला पुसले तर साफसफाईचे पैसे कोण देणार. म्हणजे तुम्ही ती प्रिंट काढून दाखवलीत तर समोरच्याच्या बाजूचाच पुरावा त्याच्या हातात द्याल.

आपल्या डोक्यात राहिलंय ते २०१८. पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये खाण्याच्या भावावरून राडा झाला होता, मग जुलैत विधिमंडळात मंत्र्यांनी सांगितलं की १ ऑगस्टपासून बाहेरचं नेता येईल, आपण सगळे खूश. आणि ऑगस्टमध्येच सरकारने हायकोर्टात सुरक्षेचं कारण देऊन हात वर केले. पहिली बातमी सगळ्यांना पाठ आहे, दुसरी कोणाला आठवतच नाही. आणि तसंही सिंगापूरहून सुटणारी बोट, झेंडा बहुतेक वेळा बहामाचा नाहीतर पनामाचा, तिथे शिवाजीनगर कोर्टाची भाषा काय कामाची? तिकीट घेताना तुम्ही ज्या अटींना "मान्य" म्हणून टिचकी मारली, त्या चालतात.

किटलीचा सल्ला तर धोकादायक आहे. किटली, इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, हॉटप्लेट, मेणबत्ती, हे सगळं बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या बंदी यादीत असतं, काही ठिकाणी तर आपली ती एक्स्टेंशनची पट्टीसुद्धा. समुद्रात आग लागली तर अग्निशमन दलाचा बंब येत नाही हो, भवानी पेठेतून निघाला आणि लक्ष्मी रोडला ट्रॅफिकमध्ये अडकला असंही नाही, येतच नाही, जे काय विझवायचं ते बोटीवरच्याच माणसांनी. आमच्या नणंदेच्या मिस्टरांनी हौसेने किटली नेली होती. सगळ्यांच्या बॅगा दारात आल्या, यांची येईना, संध्याकाळी समजलं की सिक्युरिटीकडे आहे. खाली गेले, सही केली, बॅग मिळाली, किटली शेवटच्या दिवशी. चार दिवस त्यांना बोटीपेक्षा त्या किटलीची काळजी जास्त. गरम पाणी बुफेत चोवीस तास नसलं तरी बराच वेळ मिळतं, आम्ही मसाला चहाची प्रिमिक्सची पाकिटं नेली आणि तिथेच कपात ओतली. पाकिटातला उपमा-पोहेही असंच गरम पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवला की होतो. पोह्यांवर ओलं खोबरं नसतं, तेवढं सोसायचं.

शाकाहारी उपाशी राहतो हे तर सिंगापूरच्या बोटींबद्दल म्हणणं म्हणजे कमालच. अर्धी बोट भारतीय असते, बुफेत भारतीय काउंटर असतो, जैन जेवण बुकिंगच्या वेळी सांगितलं तर मिळतं. पण इथे फॉरवर्डच्या मनातलं दुखणं खरंय, ते मी मान्य करते. उपाशी नाही राहत माणूस, कंटाळतो. रोज तीच पनीरची केशरी भाजी, तीच पिवळी डाळ, चामड्यासारखी नान, तिसऱ्या दिवशी नुसत्या मेतकूट-भातासाठी जीव कासावीस होतो. मी मेतकुटाचं सीलबंद पाकीट आणि लोणच्याची छोटी पाकिटं नेते. विमानात लोणचं हातातल्या बॅगेत नको, ते द्रव पदार्थात धरतात. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेतही चालत नाहीत, त्यातल्या तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून. सासूबाईंचा यावर अजून विश्वास बसलेला नाही.

बुफेतलं डब्यात भरून उतरायचं, हा सल्ला ज्याने दिला त्याने न्यूझीलंड बघितलेलं नाही. तिथे खाण्याची वस्तू जाहीर न करता उतरलात, अगदी विसरून पर्समध्ये राहिलेलं एक सफरचंदसुद्धा, तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. ऑस्ट्रेलियाही तसंच कडक. केळं बोटीवर खा, साल बोटीवर टाका आणि मोकळ्या हाताने उतरा.

आणि या सगळ्यात जी खरी भीतीची गोष्ट आहे ती फॉरवर्डमध्ये नाहीच. खसखस. आपल्याला ती भाजीत घालायची, थंडाईत घालायची वस्तू, पण ते अफूचंच बी, आणि सिंगापूरमध्ये ती आणायला बंदी आहे, अमली पदार्थवाल्यांच्या खात्यात येते. दुबईतही तेच, तिथे तर लोक यापायी तुरुंगात गेलेत. बोट नंतर, आधी विमानतळ आहे. दुकानातून घेतलेली सीलबंद असली तरी उपयोग नाही. करंजीच्या सारणात असते, कुठल्या कुठल्या लाडवात असते, पाकिटामागचे घटक वाचा. तसंच च्युइंगगम सिंगापूरला नको, १९९२ पासून बंद आहे, आणि तंबाखूची पुडी, गुटखा हेही नको, काका घेत नाहीत पण त्यांचे मेहुणे बरोबर आहेत म्हणून सांगितलं.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगत होते तर मागून काकूंचा आवाज आला, "अहो, विचारा ना, अनारसे चालतील का?" परवाच केलेत म्हणे, तीस, एका बाजूला मस्त खसखस लावून. मी म्हटलं काकू, ते सिंगापूरला अजिबात नाहीत, डबा जाताना आमच्याकडे ठेवून जा.