अंगात आलेल्या बाईला शेवटच्या पानावर डॉक्टरकडे नेऊ नका (कथेत तरी!)

बायकांच्या रोजच्या जगण्यात काहीतरी अचाट घडतं अशा कथा मला फार आवडतात. पण शेवट आला की लेखकाचा धीर सुटतो. ते स्वप्नच निघतं, नाहीतर मनाचा आजार, नाहीतर शहरातला भाचा येऊन सगळं उलगडून सांगतो. ह्या भाच्याचा मला भयंकर राग येतो.

आमच्या मराठवाड्यात असल्या गोष्टी सांगताना बायकांचा आवाजसुद्धा बदलत नाही. तुरीचा भाव, नणंदेचं बाळंतपण आणि देवीची आराधीण अंगात आल्यावर काय बोलली, सगळं एका दमात. गंगाखेडच्या जनाबाईनं 700 वर्षांपूर्वी तेच केलं. जनी झाडते, चक्रपाणी केर भरतो. देव आला म्हणून झाडलोट थांबली नाही, उलट त्यालाच कामाला जुंपलं!

म्हणजे आधी काम नेमकं हवं. किल्लारीच्या भूकंपावर लिहायचं म्हटलं की ढिगारेच येतात. पण 30 सप्टेंबर 1993 नंतर गावं उठून नव्या जागी गेली, माळवदाची घरं जाऊन रांगेतली घरं आली. तिथं जन्माची शेजारीण चार गल्ल्या लांब गेली, त्याची कथा कुठाय?

आणि ऊसतोड. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दोन माणसांचं मिळून एक हत्यार! हे कुणी कल्पनेनं लिहिलं असतं तर संपादकानं 'जरा अती होतंय' म्हणून परत पाठवलं असतं. पाळीत खाडा पडला तर दंड, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, तर आधीच अंगावर. मग तिशीतली बाई 'पिशवी काढली' असं सांगते, पदराला लागलेलं कुसळ काढल्यासारखं. 2019 मध्ये सरकारनं समिती नेमली, तेव्हा एकट्या बीड जिल्ह्यात 3 वर्षांत गर्भाशय काढण्याच्या साडेचार हजारांवर शस्त्रक्रिया झाल्याचं पुढं आलं. आकडा बातमीत आला, दोन दिवस चर्चा झाली. त्यातली एक बाई कथेत मात्र क्वचितच भेटते.

मला वाचायचीय ती कथा अशी: मुकादमाच्या वहीत दोघांचा एकच कोयता, म्हणून एका बाईची सावली हळूहळू पडेनाशी होते. ती पहाटे कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत भाकरी थापते, फडात मोळ्या बांधते, उसाचे वाढे चाऱ्याला विकते. कुणी काही समजावून सांगत नाही. तिला काळजी एकच, मुकादम सावलीचाही खाडा धरील का?

घ्या कुणाला हवी तर. मला लिहिता येत नाही. छापून आली की अंक तेवढा पाठवा.