जंतनाशक गोळीच्या दिवशी मुलांना घरी ठेवण्याविषयी खुलासा

‘शाळेत जंताची गोळी देतात त्या दिवशी मुलांना पाठवू नका, त्या गोळीने विषबाधा होते’ असा मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. हा दावा चुकीचा आहे.

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो आणि त्यात १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल हे जुने, सर्वपरिचित औषध दिले जाते. दोन वर्षांवरील मुलांसाठी मात्रा ४०० मिलिग्रॅम असते. पोटात जंत जास्त असतील, तर ते मरताना काही मुलांना मळमळ, उलटी किंवा पोटदुखी जाणवते आणि ती बहुधा थोड्याच वेळात थांबते. अफवेचे मूळ बहुतेक इथेच असावे. खरी काळजी घ्यायची ती गोळी घशात अडकणार नाही याची, म्हणून ती शिक्षकांसमोर चावून खायला लावतात.

यात पालकांचे काम मूल घरी ठेवण्याचे नाही. मूल आजारी असेल किंवा त्याचे दुसरे औषध चालू असेल, तर तसे शिक्षकांना आधी कळवावे. त्याला त्या दिवशी गोळी देत नाहीत, बरे झाल्यावर पुढच्या फेरीत देता येते. शिवाय गोळी पोटातले जंत मारते, पुन्हा होणारी लागण रोखत नाही. उघड्यावरील शौचामुळे जंतांची अंडी मातीत मिसळत राहिली, तर अनवाणी पायांतून आणि न धुतलेल्या हातांतून जंत पुन्हा शरीरात शिरतात, आणि हे थांबवणे एकट्या शाळेच्या हातात नसून घराच्या व ग्रामपंचायतीच्याही हातात आहे.