पिशवी दुखते असं सांगता येतं

गेल्या महिन्यात आमच्या भिशीच्या ग्रुपवर जाऊबाईंनी एक मेसेज टाकला. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का त्यावर होताच. चार दिवसांत तोच मेसेज माहेरच्या ग्रुपवर आला, बचत गटाच्या ग्रुपवर आला, रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणाऱ्या एका निवृत्त मास्तरांकडूनही आला. मजकूर थोडक्यात असा: आपल्या आज्यांनी आठ-आठ बाळंतपणं केली, सकाळी बाळंत होऊन दुपारी खुरपायला गेल्या, त्यांना कधी डिप्रेशन आलं नाही. आजच्या बायकांना काम नाही, म्हणून हे मनाचे आजार. पाळी, बाळंतपण, पाळी जाणं हे सगळं निसर्गाचं, त्याचा मनाशी काय संबंध? फारच त्रास असेल तर गर्भाची पिशवी काढून टाकावी, कटकट मिटते. समुपदेशन म्हणजे पैसे मोजून गप्पा, आणि एकदा त्या डॉक्टरची पायरी चढली की वेडी म्हणून शिक्का. शेवटी, दहा बहिणींना पाठवा.

मी एएनएम, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातली नर्स, होते. नोकरीतली बरीच वर्षं बीड जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर गेली. ग्रुपवर वाद घालायची मला सवय नाही, पण त्यातली पिशवीची ओळ वाचून राहवेना.

आधी आज्यांचं घेऊ. माझ्याच आजीचं सांगते. पाचव्या बाळंतपणानंतर ती चार महिने बाजेवरून उठली नाही. लेकरू रडलं तरी कूस बदलायची नाही. थोरली आत्या लेकरू उचलून तिच्या छातीशी लावायची, पोट भरलं की काढून घ्यायची. घरातले म्हणाले, वारं लागलं. लिंबू उतरवलं, येरमाळ्याला येडाईच्या पायावर घातलं. पुढं ती उठली. बरी झाली म्हणून उठली, की उठल्यावाचून भागणारच नव्हतं म्हणून, हे तिला कुणी विचारलं नाही. मला हे आत्यानं सांगितलं, तेही आजी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर. खुद्द आजीच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकलं होतं, "आमच्या येळंला असलं काही नव्हतं."

तेव्हा आज्यांच्या साक्षीवर किती विसंबायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. शिवाय ज्या बाळंतपणात गेल्या त्या कुणाच्या आजी झाल्याच नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात देवाची, भावाची, पंढरीची ओवी आहे, तशी सासुरवासाची आणि बाईच्या जन्माला आलेल्या वैतागाचीही आहे. ज्यांना काही होतच नव्हतं, त्या बायका पहाटे उठून दगडाला काय सांगत होत्या?

आणि अंगाच्या दुखण्याचं म्हणाल, तर राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत सगळ्या बायकांची तपासणी केली, १९८९ साली ती 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना कसला ना कसला स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी तपासून घेतलेल्या किती? फक्त ८. दुखणं नव्हतं असं नाही, ते कुणी मोजलं नव्हतं.

'काम नाही म्हणून' ह्या वाक्यावर फार वेळ घालवत नाही. मराठवाड्यात आत्महत्या म्हटलं की डोळ्यांपुढं शेतकरी येतो, आणि यायलाच पाहिजे. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ च्या आकड्यांत देशभरातले शेतकरी आणि शेतमजूर मिळून १०,८८१ आहेत, आणि 'गृहिणी' ह्या रकान्यात २३ हजारांहून जास्त बायका आहेत. दुपटीच्याही वर. त्यांच्यासाठी कुठलं पॅकेज जाहीर झाल्याचं मला आठवत नाही. ह्या बायका रिकाम्या बसल्या होत्या म्हणणाऱ्यानं एकदा आमच्याकडं मे महिन्यात टँकरमागं घागर घेऊन उभं राहून दाखवावं.

आता, पाळी-बाळंतपणाचा मनाशी संबंध काय? बाळंत झाल्यावर दोन-तीन दिवसांत अंगातले संप्रेरक, म्हणजे हार्मोन, एकदम खाली येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच डोळे भरून येतात, ते बहुतेक जणींचं दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. नाही ओसरलं, तर तो नुसता थकवा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळंतिणींपैकी साधारण १३ टक्के जणींना मानसिक आजार होतो, त्यात नैराश्य, म्हणजे डिप्रेशनच जास्त, आणि आपल्यासारख्या देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जातं. पाच बाळंतिणींत एक. ओळखायचा एक सोपा प्रश्न आम्ही विचारायचो. लेकरू रात्रीचं उठवतं, तेव्हा झोप मोडणारच. पण लेकरू गाढ झोपलंय, घरात कुणी हाका मारत नाही, तेव्हा तरी डोळा लागतो का? तेव्हाही आढ्याकडं बघत पडून राहत असेल, तर तिला दवाखान्यात न्यावं. आणि लेकराचं किंवा स्वतःचं बरंवाईट करावं असं मनात येतंय असं ती म्हणाली, भलतंसलतं ऐकू यायला-दिसायला लागलं, तर त्याच दिवशी न्यावं. तिथं शेक-शेगडी आणि डिंकाच्या लाडवांवर वेळ काढू नये.

उलटही खरं आहे. मन उदास वाटतं आणि मूळ रक्तात निघतं, असं कितीदा तरी होतं. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरातल्या ५४ जणींना रक्त कमी आहे, हे सरकारच्याच पाचव्या कौटुंबिक आरोग्य पाहणीत आहे. थायरॉइड मंदावलं तरी बाई सुस्त होते, वजन वाढतं, रडू येतं. म्हणून शहाणा मानसोपचारतज्ज्ञ आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघतो. मेसेज लिहिणाऱ्याला मन एकीकडं आणि अंग एकीकडं ठेवायचंय. तसं ते कुठल्याच बाईत नसतं.

आणि आता ती पिशवी.

एक बाई होती, ऊसतोड करणारी, बत्तीस वर्षांची. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी, दिवाळीनंतर कारखान्यावर, पाडव्याच्या सुमारास परत. त्या वर्षी परतल्यावर दोन महिन्यांत ती चार वेळा उपकेंद्रात आली. अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरलीय, हातापायांची आग होतीय, जीव घाबरतोय. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पांढऱ्यावरच्या औषधांचं हिरवं किट मिळालं, गोळ्या झाल्या, फरक नाही. चौथ्या वेळी लाइट गेली होती, सगळ्यात शेवटी तीच उरली होती. कापसाच्या बोळ्याचे धागे काढत बसली. मी सहज विचारलं, झोप लागते का गं? तर म्हणाली, कोपीवर, तिथल्या झोपडीत, असताना पोटातलं सातव्या महिन्यात गेलं. तिसऱ्या दिवशी मोळ्या उचलायला उभी राहिले. खाडा पडला की मुकादम दंड लावतो, आणि आगाऊ घेतलेली उचल तर अजून फिटायची होती. हे सांगताना ती रडली नाही. धागे काढून काढून बोळा संपला, तेव्हा उठली.

मी तिला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. दुसरं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या हंगामाआधी तिनं एका खासगी दवाखान्यात पिशवी काढून घेतली. सोनोग्राफी झाली, 'पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल' असं सांगितलं गेलं. दोन लेकरं आहेत, मग पिशवीचं आता काय काम? पैसे उचलीतून. वर्षानं बाजारात भेटली. पांढरं थांबलं का विचारलं, तर थांबलं म्हणाली. झोप? नुसती मान हलवली. "आता अंगातून वाफा निघत्यात, सिस्टर. भर थंडीत."

पिशवीबरोबर अंडाशयही काढलं की असंच होतं. पाळीचे संप्रेरक पिशवीत तयार होत नाहीत, अंडाशयात होतात. ते गेलं की तेहतिसाव्या वर्षी बाई एका रात्रीत पन्नाशीची होते. वाफा, कोरडेपणा, चिडचिड, झोप उडणं, पुढं हाडं ठिसूळ. अंडाशय ठेवलं तरी पाळी जाण्याचं वय अलीकडं येण्याचा धोका असतोच. कटकट मिटते म्हणे!

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची बातमी देशभर गेली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. सहातली एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास. त्यानंतर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगीत पिशवी काढायची नाही, असा नियम करावा लागला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखायच्या सूचना लागू करा म्हणून सगळ्या राज्यांना बजावलं.

कधी पिशवी काढावीच लागते, हेही सांगते, नाहीतर भलताच अर्थ निघायचा. कॅन्सर असेल, गाठींमुळं रक्त थांबतच नसेल, अंग, म्हणजे पिशवी, फारच खाली आलं असेल, तर काढावी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर घरात बसू नये. पांढऱ्याला वास असेल, खाज असेल तर त्याला औषध आहे, ते घ्यावं. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी तिशीनंतर सरकारी दवाखान्यात फुकट होते. कॅन्सरची भीती घातली गेली की आधी ती करावी, मग दुसऱ्या डॉक्टरला विचारावं.

पण सगळ्या पांढऱ्याचं मूळ पिशवीत नसतं. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट निघालं. मी तो वाचला तेव्हा कापसाचा बोळा आठवला. आमच्याकडं पिशवी दुखते असं सासूपुढं सांगता येतं, नवऱ्यापुढं सांगता येतं, त्यासाठी गाडी निघते, पैसेही निघतात. जीव नकोसा झालाय असं सांगितलं तर काय निघतं? 'नाटकं' हा शब्द निघतो. मग जे दुखणं ऐकलं जातं तेच बाई सांगते, आणि डॉक्टर तेच कापतो.

म्हणून 'समुपदेशन म्हणजे पैसे मोजून गप्पा' हे वाक्य फार महागात पडतं असं मला वाटतं. गप्पा पारावरही होतात, पण तिथलं बोलणं संध्याकाळपर्यंत गावभर होतं. समुपदेशक ऐकलेलं बाहेर नेत नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी, त्याला एक दिशा असते. दिवस कसा जातो ते विचारतात. कुठल्या विचारापाशी मन अडकून पडतं ते शोधतात. मग अगदी बारकं काम देतात: रोज संध्याकाळी दहा मिनिटं ओट्यावर बसायचं, बहिणीला एक फोन करायचा. पुढच्या वेळी त्याचं काय झालं ते विचारतात. औषधाची गरज दिसली तर डॉक्टरकडं पाठवतात. गोव्यातच पुढं प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून पाहिलं. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं, सहा ते आठ बैठका, आणि बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. पाकिस्तानातल्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्या आरोग्यसेविकांनी आधीच उदास असलेल्या गरोदर बायकांबरोबर, आणि त्या बाळंत झाल्यावरही, असंच काम केलं. लेकरं सहा महिन्यांची झाली तेव्हा ज्यांना हा आधार मिळाला त्यांच्यात २३ टक्के अजून उदास होत्या, इतरांत ५३ टक्के. आणि आधार मिळालेल्या आयांच्या लेकरांना जुलाब कमी झाले, लसी जास्त पूर्ण झाल्या. हे २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलंय.

समुपदेशनानं खाडा माफ होत नाही, दारुड्या नवऱ्याचा हात थांबत नाही. त्यासाठी कायदा आणि माणसं लागतात. पण ती बाई त्या दोन महिन्यांत चार वेळा आपल्या पायानं चालत आली होती, आणि तिला ऐकायला शिकलेलं माणूस तिथं नव्हतं.

शिक्क्याचं एका ओळीत: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. सोयरिकी मोडतात त्या असल्या मेसेजमुळं.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, पैशांची. खासगीत फी जड जाते. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. पण आंबेजोगाईला स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय, संभाजीनगरला घाटी रुग्णालय, लातूर आणि नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं मानसोपचार विभाग आहेत. आणि एवढंही जमत नसेल तर १४४१६. टेलिमानस, केंद्र सरकारची सेवा, २०२२ पासून सुरू. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

मी तो मेसेज दहा जणींना पाठवला नाही. जाऊबाईंना फोन केला. त्यांची थोरली सून सव्वा महिन्याची बाळंतीण आहे. आधी पावसाचं झालं, कापसाच्या भावाचं झालं. मग विचारलं, बाळ झोपल्यावर तरी तिचा डोळा लागतो का हो?

पलीकडून बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज आला. मग तो बंद झाला.

"नाही लागत, बाई," जाऊबाई म्हणाल्या.