त्या तीन दिवसांत चटणी कोणी वाटली?

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि काल दिवसभर ती डोक्यातून गेली नाही. दोन ओळींत आभार मानून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही विचारलेला प्रश्न तेवढ्यावर भागवण्यासारखा नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेल्या महिन्यात आमचा अकरा वर्षं जुना मिक्सर बंद पडला. नवीन न घेता मी तो दुरुस्त करून आणला, 290 रुपये लागले, आणि कुठलीही वस्तू टाकून देण्याआधी एकदा उघडून बघावी, असं मी लिहिलं. त्यावर ताईंनी लिहिलं: “मिक्सर तीन दिवस दुकानात होता म्हणता. त्या तीन दिवसांत चटणी कोणी वाटली, हे लेखात कुठेच नाही. तुमची दुरुस्ती 290 रुपयांत झाली, कारण उरलेली किंमत घरातल्या बाईने भरली.” पुढे त्यांचे आणखी तीन आक्षेप आहेत. जुनी यंत्रं वीज जास्त खातात. दुरुस्तीवाले फसवतात; त्यांच्या बहिणीकडून ‘मोटर जळाली’ म्हणून 1,400 रुपये घेतले आणि दोन महिन्यांत मिक्सर पुन्हा बंद. आणि माझ्यासारख्या माणसांना जुन्या वस्तूंचं प्रेम असतं, जे नोकरी करणाऱ्या बाईला परवडत नाही. त्यांचा स्वतःचा जुना मिक्सर माळ्यावर पडलाय आणि त्यांनी 2,800 रुपयांना नवा घेतलाय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चटणी माझ्या बायकोने वाटली.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी तिला विचारलं आणि तिने तिन्ही दिवस नीट सांगितले. मला त्यातलं निम्मंसुद्धा माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तिने शेंगदाण्याचं कूट खलबत्त्यात केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं खोबरं आणि कोथिंबीर डब्यात घेऊन ती शेजारच्या काकूंकडे गेली, वाटण करून आणलं, त्यांचं भांडं धुऊन परत दिलं, आणि तरीही सव्वाआठला घराबाहेर पडली. तिसऱ्या दिवशी डोशासाठी डाळ-तांदूळ भिजवलेले होते, कारण मिक्सर ‘आज मिळेल’ असं मी सांगितलं होतं. तो मिळाला नाही. रात्री साडेनऊला ती पुन्हा काकूंकडे. तिचा उजवा खांदा गेलं वर्षभर दुखतोय, हे मला माहीत होतं आणि तरी खलबत्त्याचा विचार माझ्या मनात आला नाही. त्या तीन दिवसांत मी दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि त्याच तेवढ्या लेखात लिहिल्या. हे चुकलं. लेखात 290 हा आकडा अपुरा होता आणि तो अपुरा आहे हे मला तुमच्यामुळे कळलं.

आता मात्र माझी बाजू ऐका, कारण ते तीन दिवस नेमके कशात गेले हे बघितलं, तर तुमची तक्रार आणि माझी तक्रार एकाच ठिकाणी जाऊन मिळते असं मला वाटतं.

सोमवारी संध्याकाळी कारागिराने माझ्यासमोर मिक्सर उघडला. खालचे चार स्क्रू काढले, तळाचं झाकण बाजूला केलं आणि दोन मिनिटांत दोष दाखवला. कार्बन झिजून बोटाच्या नखाएवढे उरले होते आणि वरच्या कपलरचे दात गुळगुळीत झाले होते. कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन छोटे चौकोनी तुकडे. मागच्या स्प्रिंगमुळे ते सतत तांब्याच्या गोल पट्ट्यांवर घासत राहतात, म्हणजे ते झिजण्यासाठीच असतात. झिजलेले कार्बन तसेच राहिले की आत ठिणग्या जास्त उडतात, तांब्याचा पृष्ठभाग खरवडला जातो आणि शेवटी आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळतं. कपलरचंही तसंच. भांड्याखालचं पातं आणि मोटर यांना जोडणारा तो रबरी किंवा नायलॉनचा दातेरी तुकडा मुद्दाम नरम ठेवलेला असतो, म्हणजे पातं अडकलं तर दात जावेत, मोटर जाऊ नये. ही दोन्ही बळी जाण्यासाठीच बसवलेली माणसं आहेत म्हणा ना. ती गेली म्हणून अख्खा मिक्सर भंगारात काढणं मला आजही पटत नाही.

कार्बन कारागिराच्या डब्यात होते. ते बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कपलर मात्र नव्हता. त्याच्याकडे डबाभर कपलर होते, पण आमच्या मॉडेलचे दात आणि मधला आटा वेगळा. कंपनीने एका वर्षी आकार बदलला आणि नंतर ते मॉडेलच बंद केलं. मंगळवारी त्याने पोरगा पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, पाठवला; जो कपलर मिळाला तो सैल बसत होता. बुधवारी दुसऱ्या दुकानातून हवा तो सापडला, पण रात्री उशिरा. गुरुवारी सकाळी वीस मिनिटांत मिक्सर सुरू. म्हणजे हाताला लागलेलं काम अर्ध्या तासाचं आणि बाकी तीन दिवस चाळीस रुपयांच्या तुकड्याचा शोध. तुमच्या शब्दांत सांगायचं तर माझ्या बायकोने दुरुस्तीची किंमत भरली नाही, तिने त्या न मिळालेल्या कपलरची किंमत भरली. हाच तुकडा कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेला असता, तर तिला खलबत्ता काढावा लागला नसता.

भारतातल्या मिक्सरची गोष्टच मुळी इथून सुरू होते, हे मला फार बोलकं वाटतं. सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही आणि इथे कुणाला तो नीट करता येईना. त्यातून 1963 साली ‘सुमीत’ या मिक्सरचा जन्म झाला. हळद, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ झेपेल अशी मोटर असलेलं यंत्र. आमच्या आईचा सुमीत तिने वीसेक वर्षं वापरला. त्याचे कार्बन मी स्वतः शाळेत असताना आणल्याचं आठवतं. दुकानदाराला नुसतं ‘सुमीतचे कार्बन’ म्हटलं की तो मान वर न करता काढून द्यायचा. स्वयंपाकघरात मिळालेली ती मोकळीक होती, आणि ती मिळाली होती एका बाईच्या अडचणीतून. आज आपण उलट्या दिशेने चाललोय, याचा मला राग येतो.

आणि हे फक्त मिक्सरचं नाही. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो कशासाठी? तर सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुली मिळत नव्हती म्हणून. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची अवजारं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून काही वस्तूंच्या किमतीशेजारी ती किती सहज दुरुस्त होते याचे दहापैकी गुण लिहावे लागतात. आपल्याकडेही असा निर्देशांक यावा म्हणून समिती नेमली गेली आणि 2025 च्या मे महिन्यात तिचा अहवाल आला, पण सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून करायची असं त्यात आहे. माझं म्हणणं असं की मिक्सर, पंखा, गीझर यांना आधी घ्या. मोबाइल बंद पडला तर माणूस चिडतो. मिक्सर बंद पडला तर कुणाचा तरी खांदा दुखतो. हे वाक्य लिहायची अक्कल मला तुमच्या प्रतिक्रियेने दिली.

विजेबद्दल. इथे तुम्ही अर्ध्या बरोबर आहात आणि अर्धं सोडायला मी तयार नाही. 750 वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालला, तर वर्षाला साधारण 46 युनिट होतात. दहा रुपये युनिट धरलं तरी 460 रुपये. नवा मिक्सर दहा टक्के कमी वीज खाईल असं समजू. वर्षाचे 46 रुपये वाचले. त्यासाठी 2,800 घालण्यात अर्थ नाही.

पंख्याचं गणित मात्र वेगळं आहे, आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. जुना साधा पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा (कार्बन नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) तिसाच्या आसपास. रोज बारा तास, वर्षातले तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे 160 युनिटपेक्षा जास्त वाचतात. दोन वर्षांत पंख्याची किंमत वसूल. 2023 च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे दुकानात तुलनाही करता येते. आमच्या हॉलमधला जुना पंखा मी दोन वर्षांपूर्वी स्वतः काढून टाकला. चालत होता तरी काढला. म्हणून ‘जुन्याचं प्रेम’ हे मला लागू होत नाही, ताई. जी वस्तू रोज तासन्‌तास वीज घेते तिचा हिशेब वेगळा आणि जी दहा मिनिटं चालते तिचा वेगळा.

एक सावधगिरी तेवढी सांगतो. जुना पंखा मंद झाला की बहुतेकदा कंडेन्सर बदलून काम व्हायचं, अगदी किरकोळ खर्चात. बीएलडीसीमध्ये सर्किट बोर्ड असतो आणि तो गेला की बहुतेक ठिकाणी ‘पूर्ण बोर्ड बदला’ एवढंच उत्तर मिळतं. घेताना दुकानदाराला बोर्ड सुटा मिळतो का आणि केवढ्याला, हे विचारा. बिलावर लिहून घेता आलं तर उत्तम.

फसवणुकीबद्दल तुमच्या बहिणीचा अनुभव मी खोटा ठरवणार नाही. असं होतं. माझ्या सख्ख्या मामाकडून एका दुकानाने गीझरची कॉइल न बदलता बदलल्याचे पैसे घेतले होते. त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला: काढलेला जुना भाग परत मागायचा. मोटर जळाली म्हणतोय ना, मग जळलेलं आर्मेचर हातात दे. जळलेल्या वार्निशचा वास काही दिवस राहतो आणि तारा काळ्या पडलेल्या दिसतात, त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. दुसरं, मशीन आपल्यासमोर उघडायला सांगायचं. जो नाही म्हणतो त्याच्याकडे ठेवायचंच नाही. बिल असेल आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

पण इतकंही करायला तुम्हाला वेळ नाही, असं तुम्ही लिहिलंय, आणि ते मला मान्य करावं लागतं. सकाळी सातला डबे भरणाऱ्या बाईने कारागिराच्या दुकानात उभं राहून आर्मेचरचा वास घ्यावा, असं सांगण्याचा मला अधिकार नाही. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचललं पाहिजे. आमच्या घरात ते यापुढे माझं आहे, आणि त्यात ‘मिक्सर दुकानात असेपर्यंत वाटण कुठून येणार’ हेही धरलेलं आहे. गेल्या रविवारी मी दोन जादा कपलर आणि कार्बनची एक जोडी आणून ओट्याच्या खालच्या खणात ठेवली. कपलर बदलायलाही शिकलो. बहुतेक मिक्सरचा कपलर उलट्या आट्याचा असतो, म्हणजे एरवी आपण जिकडे घट्ट करतो तिकडे फिरवला की तो सुटतो. हे माहीत नसल्याने लोक जोर लावतात आणि तो आणखी आवळून बसतो. प्लग काढून ठेवायचा, मिक्सर आडवा करायचा, खालून दांडा धरायचा आणि वरून पकडीने फिरवायचा. मुलाने पाच मिनिटांत केलं.

आता तुमच्या माळ्यावरचा मिक्सर. तुम्ही लिहिलंय की तो ‘चालता चालता एकदम बंद पडला, आवाज नाही, वास नाही’. वास नाही, हे महत्त्वाचं आहे. तो खाली काढलात तर प्लग न लावता उलटा करा. तळाशी एक छोटं बटण असतं, बहुतेकदा लाल. मोटरवर जास्त ताण आला की ते बाहेर येतं आणि वीज तोडतं. ते आत दाबा, मग प्लग लावून रिकाम्या भांड्यावर क्षणभर चालवून बघा. चालला तर तो तुमच्या बहिणीला द्या; तिचा तर अजून बंदच आहे ना? नाही चालला तर कार्बन बघावे लागतील. कपलरचा फोटो आणि मॉडेल नंबर इथे टाका, दातांची संख्याही लिहा. शनिवारी मी तपकीर गल्लीत जाणारच आहे.