वाढत्या वजनाचा सगळा दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारू नका

वाढत्या लठ्ठपणाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा एकाच वाक्यावर येऊन थांबते: लोकांचा जिभेवर ताबा राहिलेला नाही. डॉक्टर, व्याख्याते आणि नातेवाईक हे वाक्य सारख्याच खात्रीने उच्चारतात आणि ज्याचे वजन वाढले आहे तो माणूस मुकाट्याने ते ऐकून घेतो. सांगलीत विश्रामबाग भागात आमचे किराणा मालाचे दुकान आहे. वडिलांनंतर ते मी चालवतो, आणि कोणत्या घरात महिन्याला किती तेल, साखर आणि मैदा जातो हे मला त्या त्या घराच्या यादीवरून ठाऊक असते. त्या अनुभवाच्या आधारे मी सांगतो की हे वाक्य अर्धवट आहे आणि अन्यायकारकही आहे. माणूस काय खाणार हे ठरण्याआधी त्याच्या हाताशी काय ठेवायचे, ते किती रुपयांना द्यायचे आणि त्याच्या वेष्टनावर काय छापायचे, हे दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते. ज्याच्या हातात निर्णयाचा वाटा मोठा, त्याच्याकडे जबाबदारीचा वाटाही मोठा असला पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील अतिवजनी किंवा लठ्ठ स्त्रियांचे प्रमाण २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले. पुरुषांचे प्रमाण याच काळात ९.३ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर गेले. एवढ्या थोड्या वर्षांत कोट्यवधी माणसांचा मनावरचा ताबा एकदम सुटला, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. या काळात माझ्यासमोर दुकान मात्र पूर्ण बदलले, आणि ते कसे बदलले हे तपशिलाने सांगणे मला आवश्यक वाटते.

माझ्या लहानपणी वडिलांच्या दुकानाच्या दर्शनी भागात काचेच्या बरण्या असत आणि त्यांत फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की आणि गोळ्या असत. आता त्या जागेवर वेफर्स आणि कुरकुरीत पदार्थांच्या लडी लोंबकळतात. त्या कोणत्या उंचीवर लावायच्या हे दुकानदार ठरवतो असा लोकांचा समज आहे, पण प्रत्यक्षात ते कंपनीचा सेल्समन ठरवतो, आणि ती उंची पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल अशी असते. दर्शनी जागेसाठी कंपनी वेगळे पैसे देते, ठरावीक पेट्या उचलल्या तर एक पेटी फुकट मिळते, आणि शीतपेयांची कंपनी फ्रीजही देते. मात्र त्या फ्रीजमध्ये फक्त त्यांच्याच बाटल्या ठेवायच्या अशी अट असते, त्यामुळे ताकाच्या पिशव्या ठेवायच्या तर दुकानदाराला स्वतःच्या पैशाने दुसरा फ्रीज घ्यावा लागतो. पुड्याची किंमत ५ किंवा १० रुपये ठेवण्यामागेही विचार आहे. मुलाच्या हातात जे नाणे पडते तेवढीच ती असते, आणि कच्चा माल महाग झाला तर किंमत तशीच ठेवून आतले वजन कमी केले जाते.

कुपवाड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एक वहिनी संध्याकाळी घरी परतताना मुलाला घेऊन दुकानात येतात. एकदा दूध आणि कोथिंबीर घेऊन झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "काका, तेवढ्या लडी मागं बांधा की. पोरगं पायरीवरनं हलंना झालंय." दिवसभर उभे राहून काम केलेली बाई त्या पायरीवर रडणाऱ्या मुलाशी किती वेळ झुंजणार? शेवटी ती ५ रुपये देते आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. मी त्या लडी आतल्या बाजूला घेतल्या. पुढच्या फेरीला सेल्समनने पहिली चौकशी त्याचीच केली आणि दर्शनी जागेची योजना बंद झाली. त्या माणसावर माझा राग नाही, कारण त्यालाही वरून महिन्याचे उद्दिष्ट दिलेले असते. पण त्या आईला बेजबाबदार म्हणणाऱ्यांनी एक संध्याकाळ त्या पायरीपाशी उभे राहून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

वेष्टनावरील माहितीबद्दलही असेच आहे. लोक लेबल वाचत नाहीत अशी तक्रार केली जाते, परंतु कायद्याने ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत दिली की पुरे होते, मराठीची सक्ती नाही. अक्षरे बारीक असतात आणि मुख्य आकडे शंभर ग्रॅम किंवा शंभर मिलिलिटरमागे दिलेले असतात. नातवासाठी बाटली घेणाऱ्या आजीने त्यावरून पूर्ण बाटलीचा हिशेब करावा अशी अपेक्षा आहे. तो हिशेब मी करून दाखवतो. नेहमीच्या कोलात शंभर मिलिलिटरमागे १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या लहान बाटलीत २५ ग्रॅमहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभरात अशी साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवणे उत्तम, आणि ही संघटना तो आकडा मोठ्या माणसाच्या आहाराचा विचार करून देते. नातवाची दिवसभराची साखर त्या एका बाटलीत संपते, आणि घरचा चहा, बिस्किटे, शिरा हे सगळे अजून बाकीच असते. चिली देशाने २०१६ मध्ये जास्त साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक असलेल्या पदार्थांच्या दर्शनी बाजूवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. असा शिक्का इंग्रजी न येणाऱ्या आजीलाही ओळखता येईल. आपल्याकडे दर्शनी लेबलाची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. २०२२ मध्ये पदार्थ आरोग्याला किती चांगला हे पाकिटावर ताऱ्यांच्या संख्येने दाखवण्याच्या नियमाचा मसुदाही आला होता, पण ज्या पुड्यावर इशारा हवा त्यावर दोन-तीन तारे देऊन काय साधणार, हे मला समजलेले नाही.

सरकारच्या बाबतीत माझी मुख्य तक्रार कराविषयी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाचा विषय काढून तेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले आणि ते योग्यच होते. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून बिस्किटे आणि चॉकलेट यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर पाकीटबंद फरसाण व नमकीन यांवरील १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. साखरयुक्त शीतपेयांवर ४० टक्के कर ठेवला हे खरे, पण पूर्वीचा २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर मिळून तो तेवढाच होता. आता माझ्या दुकानात ज्वारीच्या पिठाच्या पाकिटावर ५ टक्के कर आहे आणि क्रीमच्या बिस्किटांवरही ५ टक्केच आहे. दोन्ही वस्तूंवर एकाच दराने कर लावणाऱ्या व्यवस्थेने गिऱ्हाइकाला संयमाचा उपदेश करावा, हे मला मान्य नाही.

ज्वारीचा विषय निघालाच आहे तर थोडे सविस्तर लिहितो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या आपल्याच तालुक्यांचा शाळू पूर्वी पोत्यांनी दुकानात येई आणि महिन्याच्या यादीत तो पहिला असे. आता यादीत गहू पहिला आहे, आणि अनेक घरांत ज्वारी आठवड्यातून एकदा, हौस म्हणून लागते. याला केवळ चवीतील बदल कारणीभूत नाही. रेशनवर वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळ मिळाला, कृष्णाकाठच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि भाकरी थापायला जो वेळ आणि जे कसब लागते ते दोन्ही बाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रीकडून फुकट मिळेल असे घरातील पुरुषांनी गृहीत धरले. भाकरी हवी असेल तर ती पुरुषांनीही शिकावी. मी शिकलो आहे आणि ते अशक्य नाही.

घराचा आणि स्वतःचा वाटा मी नाकारत नाही. त्यात तेलाचा वाटा मोठा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे माणशी वर्षाला साधारण १२ किलो तेल पुरेसे आहे, म्हणजे चार माणसांच्या घराला महिन्याला ४ किलो. देशातील सरासरी वापर त्याच्या दीडपटीहून जास्त आहे, आणि माझ्याकडच्या याद्या पाहता सांगली त्याला अपवाद नाही. पाहुणा आला की भजी तळल्याशिवाय आदरातिथ्य पूर्ण होत नाही, मूल परीक्षेत चांगले गुण घेऊन आले की त्याला पिझ्झा, आणि रडले की चॉकलेट. हे निर्णय आपले आहेत आणि ते आपणच बदलू शकतो. "पूर्वीचे लोक तूप-दूध खाऊन पैलवान झाले," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हिंदकेसरी मारुती माने यांच्या या जिल्ह्यात हे सांगताना त्या खुराकाबरोबर रोजच्या जोर-बैठका असत, याची आठवण ठेवली पाहिजे.

शिवाय आपल्या लोकांच्या शरीराची ठेवणही लक्षात घेतली पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत वर्षानुवर्षे केलेल्या संशोधनातून दाखवले की आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, आणि त्याचा संबंध आईच्या पोषणाशी आहे. म्हणजे जी मुलगी अर्धपोटी वाढली, तिच्या पोटच्या मुलाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. हे समजून घेतल्यावर चाळिशीत पोट सुटलेल्या माणसाला केवळ आळशी म्हणणे मला फार क्रूर वाटते.

सध्या हाती असलेले नियम तरी पाळले जावेत, एवढी माझी अपेक्षा आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडवर बंदी घातली. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विद्यार्थ्यांना विकता येत नाहीत. आपल्या शहरातील कोणत्याही शाळेसमोर मधल्या सुट्टीत उभे राहा आणि हे ५० मीटर मोजा. गाडेवाल्यांवर दंडुका उगारून हे होणार नाही, त्यांचे पोट त्यावर आहे. त्यांना भडंग, उकडलेल्या शेंगा, फळे आणि ताक विकता येईल अशी जागा आणि थोडे भांडवल महापालिकेने दिले, तर बहुतेकजण आनंदाने तयार होतील.

विश्रामबागेतील ज्या पालकांचे शाळांच्या समित्यांवर वजन आहे, त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीत हा विषय लेखी मांडावा. आम्हा चार-पाच दुकानदारांचे आपसांत बोलणे झाले आहे. शाळेने पत्र दिले तर मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना लडी आत घ्यायला आम्ही तयार आहोत. कंपनीची योजना गेली तर गेली, ते नुकसान किती हे मी हिशेब करून पाहिले आहे आणि ते सोसण्यासारखे आहे.