सुडाने पेटलेल्या माणसाला खबर का मिळत नाही

श्रीवर्धनकर दादा, नमस्कार.

‘ज्याच्या घरातलं माणूस स्फोटात गेलं, तोच अतिरेक्यांचा माग जीव तोडून काढेल, तुमचा लेख नुसता कागदी आहे,’ असं तुम्ही, ‘सुडाने नव्हे, खबर पडताळून माग लागतो’ या माझ्या लेखावर लिहिलंत. राग समजतो, पण मुद्दा पटत नाही.

तुमच्याच तालुक्यातलं शेखाडी घ्या. फेब्रुवारी 1993 मध्ये तिथे आरडीएक्स उतरलं, कारण कस्टम आणि पोलिसांतली काही माणसं पैसे खाऊन गप्प बसली. 12 मार्चला मुंबईत 257 जीव गेले. त्याआधी, 9 मार्चला पकडलेल्या एकाने कट सांगितला होता. तो थाप म्हणून सोडून दिला गेला. खबर होती, पडताळणी नव्हती.

पडताळणीत दोन गोष्टी वेगळ्या जोखतात: माणूस किती भरवशाचा, त्याला ए ते एफ, खबर किती खरी वाटते, तिला 1 ते 6. ए-1 म्हणजे पूर्ण भरवशाचा माणूस, पक्की खबर. एफ-6 म्हणजे खोटं नव्हे, ‘अजून ठरवता येत नाही, तपासा’. सुडाने पेटलेला अधिकारी इथेच चुकतो. हवं ते नाव कानावर आलं की तो सरळ ए-1 देतो.

बंदरावर तर हे फारच महागात पडतं. एखादी बोट डिझेल भरपूर भरते, पण मासळी टिकवायला लागणारा बर्फ घेत नाही, म्हणजे ती मासेमारीला जात नाही, हे बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाला आधी कळतं. तो सांगतो, कारण आपलं नाव फुटणार नाही याची त्याला खात्री असते. अधिकाऱ्याने त्याच संध्याकाळी जेटीवर तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाची, गचांडी धरली, तर रात्रीत अख्ख्या कोळीवाड्याला कळतं कोण बोललं. पुढे वर्षानुवर्षं त्या बंदरातून एक शब्द बाहेर येत नाही. शिवाय आयबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्याच्या, माणसाला अटकेचा अधिकारच नाही; खबर पोलिसांकडे द्यावी लागते आणि ती कोर्टात टिकेल असा पुरावा त्यांना उभा करावा लागतो.

ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला तीन एके-47 असलेली बोट लागली, तेव्हा किती घबराट होती ते तुम्हाला माहीतच आहे. कागद तपासले तेव्हा कळलं, ती ओमानकडच्या समुद्रात सोडून दिलेली नौका वाहत आली होती.

आणि 26/11 ची रात्र आठवा. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या लागल्या तरी सोडली नाही. डोळ्यांसमोर आपला माणूस पडलेला असताना बाकीच्या पोलिसांनी कसाबला जिवंत धरलं. म्हणूनच कराचीतून निघणं, वाटेत पळवलेला ‘कुबेर’ ट्रॉलर आणि त्यावरच्या तांडेलाचा खून, हे सगळं त्याच्या तोंडून मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवता आलं.