पावतीवरचे ‘/-’

संगणकाचा प्रोग्राम दोन तऱ्हांनी चुकतो. पहिल्या तऱ्हेत तो लाल अक्षरांत बोंब ठोकून जागच्या जागी कोसळतो आणि निदान सगळ्यांना कळते तरी. दुसऱ्या तऱ्हेत तो सगळे काम सुरळीत पार पाडतो, आकडे रकान्यांत नीट मांडतो, खाली बेरीजही देतो, आणि ती बेरीज खोटी असते. फोंडा तालुक्यातल्या आमच्या देवस्थानाचा वर्गणीचा प्रोग्राम या दुसऱ्या, सभ्य जातीचा होता. गावातल्याच एका हुशार मुलाने तो पायथन या संगणकभाषेत लिहिला, मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, आणि मी पर्वरीला संगणकाच्या कचेरीत असल्याचे निमित्त होऊन जत्रेच्या तोंडावर तो माझ्या गळ्यात पडला. त्याच्या जोडीला खजिनदार काकाही आले.

काका सरकारी लेखा खात्यातून निवृत्त झालेले. पावत्यांची बेरीज ते अजूनही हाताने करतात, ती यंत्राच्या बेरजेपेक्षा दरवर्षी जास्त भरते, आणि समिती दरवर्षी ‘यंत्र कसे चुकेल?’ असे म्हणून यंत्राच्या बाजूने कौल देते, हे त्यांचे जुने शल्य होते.

परक्याचा कोड हाती आला की मी तो आधी चालवून पाहत नाही. त्यावर पायलिंट सोडतो. हे साधन प्रोग्राम न चालवता नुसता वाचते आणि व्याकरणात बसणाऱ्या, पण संशयास्पद वाटणाऱ्या ओळींवर बोट ठेवते. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी लिहिलेले, १९७८ च्या सुमारास जगापुढे आलेले ‘लिंट’. असली कुरकुर करणारी साधने लागतात कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी ॲपलचा २०१४ चा किस्सा पुरेसा आहे. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या त्यांच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’, म्हणजे ‘बाकीचे सोडून थेट शेवटाकडे उडी मार’, ही ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरी ओळ कोणत्याच अटीखाली येत नसल्यामुळे पुढची सही-तपासणी कधी होतच नव्हती, आणि तरीही सगळे ठीक असल्याचा निर्वाळा मिळत होता. पुढचा भाग कधीच चालणार नाही, असे सांगणारा इशारा क्लँग या कंपायलरमध्ये, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये, तेव्हाही होता. फक्त तो मुद्दाम मागावा लागत असे, आणि न मागता मिळालेल्या सल्ल्यांना आधीच विटलेला माणूस आणखी सल्ले मागायला सहसा जात नाही.

आमच्या प्रोग्रामवर पायलिंट चालवले तेव्हा पडदा तक्रारींनी भरून वाहू लागला आणि शेवटी निकाल आला: दहापैकी २.३१.

“नापास!” काका खुर्चीतच सरसावून बसले. इतक्या वर्षांत यंत्राला कोणी गुण दिलेले त्यांनी प्रथमच पाहिले होते.

माझ्या हालांना सुरुवात झाली ती इथून. पायलिंट ज्यावर आक्षेप घेते त्यात खरोखरचा धोका आणि निव्वळ नापसंती यांची सरमिसळ असते. ओळ शंभर अक्षरांपेक्षा लांब आहे, ओळीच्या शेवटी रिकामी जागा सोडली आहे, फंक्शनचे, म्हणजे एखादे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचे, वर्णन लिहिलेले नाही, मागवलेले मोड्यूल वापरलेले नाही, अशी ती यादी. शहाण्या माणसाने अशा वेळी शैलीविषयीचे आक्षेप बंद करावेत आणि इशारे व चुका तेवढ्या ठेवाव्यात. तशी सोय असते आणि मी ती वापरायलाही निघालो होतो. पण काकांनी माझा हात धरला. “ऑडिटरचे शेरे असे झाकता येतात होय रे तुमच्यात?” त्यांनी चष्मा पुसला, चहा आणि कातरे पाव मागवले, आणि सगळे आक्षेप क्रमाने, ओळ क्रमांकासह, मोठ्याने वाचायला घेतले. रिकाम्या जागेच्या प्रत्येक आक्षेपावर ते “बरोबर आहे त्याचे” म्हणत होते. ही साधने वापरणारे बहुतेक लोक कंटाळून सगळेच आक्षेप दडपतात आणि त्यात खरा आक्षेपही गाडला जातो. काकांना कंटाळा ठाऊक नव्हता, एवढाच माझा फायदा.

पहिले खरे घबाड म्हणजे ‘धोकादायक पूर्वनिर्धारित मूल्य’. वाड्यावरच्या देणगीदारांची यादी करणाऱ्या फंक्शनला, काही न दिल्यास वापरायची म्हणून रिकामी यादी लिहून ठेवली होती. पायथन ती यादी फंक्शन घडवताना एकदाच तयार करतो आणि पुढे प्रत्येक वेळी तीच पुढे करतो, त्यामुळे वरच्या वाड्याची नावे खालच्या वाड्याच्या यादीत अलगद उतरत होती. पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून ज्या दोन वाड्यांत पिढ्यान् पिढ्या बोलणे तुटलेले आहे, त्यांची नावे एका कागदावर आणण्याचे काम महाजनांच्या बैठकांना जमले नव्हते. काका गंभीर झाले. “ही यादी देवळाबाहेर लागली असती तर जत्रा राहिली असती बाजूला.”

दुसरा आक्षेप दिसायला किरकोळ होता: कोणतीही चूक घडली तरी ती झेलायची आणि पुढे काहीच करायचे नाही, अशी एक ओळ. रक्कम आकड्यात बदलताना अडचण आली तर ती पावती सोडून पुढे चला, असा तिचा अर्थ. पायथनला देवनागरी अंक कळतात, तेव्हा ‘५००’ चे पाचशे बिनबोभाट होतात. मग अडत काय होते? मी पावत्यांच्या नोंदी उघडल्या. मुलांनी त्या जशाच्या तशा टंकल्या होत्या, आणि ज्या ज्या गळत होत्या त्या सगळ्या एकाच वळणाच्या अक्षरातल्या पावत्यांच्या होत्या: ५००/-, १००१/-, २५१/-.

काका बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षे मीच गळत होतो.”

यापुढे ‘/-’ लिहू नका, असे सुचवून मी काम सोपे करायला गेलो, आणि पुढची संध्याकाळ त्यातच गेली. ती खूण नसली तर पाचशेच्या पुढे कोणीही एक शून्य चढवील, म्हणून ती हवीच. खात्यात कोणी तशी सोडली असती तर पावती साहेबांच्या टेबलावरून परत आली असती. मुद्दा बिनतोड होता. अखेर प्रोग्रामलाच ‘/-’ ओळखायला शिकवले आणि न कळलेली पावती गुपचूप टाकण्याऐवजी तिचा क्रमांक छापायला लावले. बेरीज काकांच्या वहीशी जुळली. गुण वाढले, मागच्या खेपेपेक्षा किती वाढले हेही पायलिंटने आपणहून सांगितले, आणि नव्याने लिहिलेली माझी ओळ शंभर अक्षरांच्या पुढे गेल्याचेही.

“बरोबर आहे त्याचे,” काका म्हणाले.